मागच्या दाराच्या तक्रारी

चर्चच्या पाळकांच्या बंगल्याला पुढचं दार होतं, पण ते उघडायचं फक्त पोस्टमनला आणि लग्नपत्रिका घेऊन येणाऱ्यांना. मंडळीतली माणसं यायची ती मागच्या दारानं, तुळतुळीत झालेल्या दगडी पायरीवरून थेट स्वयंपाकघरात. येताना हातात काहीतरी असायचं. मेथीची जुडी, शेवग्याच्या शेंगा, द्राक्षांच्या दिवसांत द्राक्षं. आणि तोंडात तक्रार असायची. पुढं कितीतरी वर्षांनी, सगळं मागं पडल्यावर, सुमनबाईंना नाशिकचं काय आठवायचं तर ते दार.

त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये सुमनबाईंचे यजमान शांतवन साळवे तिथल्या एका जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणून आले. ट्रकमधून सामान उतरत होतं, गाद्या अजून अंगणातच होत्या, आणि मागच्या दारात एक उंच, शिडशिडीत बाई येऊन उभी राहिली. पांढरी सुती साडी, हातात झाकलेलं पातेलं.

"मी चंद्रभागा. दवाखान्यातून रिटायर झाले. मला सगळे सिस्टर म्हणतात. पिठलं आणलंय, भाकऱ्या फडक्यात बांधल्यात. पाळकसाहेब कुठायत?"

"सामान उतरवून घेताहेत," सुमनबाई म्हणाल्या.

"आधीचे पाळक पहिल्याच दिवशी घरोघर जाऊन आले होते," सिस्टर म्हणाल्या आणि पातेलं ओट्यावर ठेवून निघून गेल्या.

पातेलं ठेवताना सुमनबाईंना त्यांचे हात दिसले. दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत, कोडाचे पांढरे डाग होते. ओठांच्या कडेलाही होते. नवीन माणसाची नजर तिथं अडखळायची. दोन-चार भेटींनंतर मात्र डाग दिसेनासे व्हायचे आणि सिस्टर तेवढ्या उरायच्या.

आणि सिस्टर काही थोड्या नव्हत्या. मंडळीत नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधले कामगार होते, देवळाली कॅम्पातली सैनिकांची कुटुंबं होती, नर्सबाया, मास्तर, रेल्वेतली माणसं होती. घोटीकडं भातशेती करणारी काही घरं होती, तीही याच मंडळीला जोडलेली. पण या सगळ्यांच्या वतीनं बोलायचा मक्ता सिस्टरांनी घेतला होता. चर्चमध्ये बायकांच्या बाजूचा पंखा फिरत नाही. पेटीवाला जीवन गाणी इतकी वर नेतो की म्हाताऱ्यांना धाप लागते. पाळकसाहेब देवळालीला आठवड्याला जातात आणि आमच्या चाळीत महिन्यातून एकदा. रविवारचा संदेश, म्हणजे प्रवचन, लांबतो, बस चुकते, घरी पोरं उपाशी. सुमनबाई चहा टाकायच्या, ऐकून घ्यायच्या आणि त्यातलं निवडून पाखडून थोडंसंच नवऱ्यापर्यंत पोचवायच्या.

साळवेसाहेब माणूस सरळ होते. अभ्यासू होते, पैशाला हात न लावणारे होते, आजाऱ्यासाठी रात्र जागवणारे होते. पण कातडी पातळ. कुणी काही बोललं की दिवसभर त्यांचा चेहरा उतरायचा.

"माझ्या तोंडावर का सांगत नाहीत?" ते विचारायचे.

"तुम्ही तोंड एवढंसं करता म्हणून," सुमनबाई म्हणायच्या.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांनी रविवारच्या उपासनेत एक मालिका धरली. मोशे आणि रानातला प्रवास. मिसर देशात गुलाम असलेल्या लोकांना मोशेनं सोडवून आणलं आणि रानातून चालवत नेलं, ती जुन्या करारातली गोष्ट. ती गोष्ट म्हणजे वाटभर चाललेली कुरकुर. पाणी नाही म्हणून मोशेवर कुरकुर, पाणी मिळालं तर अन्न नाही म्हणून कुरकुर. आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडू लागलं, तर रोज तेच काय खायचं म्हणून कुरकुर. मिसरातल्या काकड्या आठवतात, कांदे आठवतात, लसूण आठवतो, असं म्हणून ते लोक तंबूच्या दारात बसून रडले. कोरह नावाचा एकजण तर माणसं जमवून मोशेच्या समोर उभा राहिला आणि तू स्वतःला कोण समजतोस, असं विचारता झाला. त्याला धरणीनं गिळलं.

मंडळीला कळायचं ते कळलं. "आज कुणाला गिळणार?" कुसाबाई चर्चच्या पायऱ्या चढताना विचारायच्या आणि बाकीच्या पदर तोंडाला लावून हसायच्या. कुसाबाई प्रेसमधल्या शिपायाची बायको, तोंडानं फटकळ पण मनानं मऊ. हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं.

ऑक्टोबरात महिलामंडळाची सभा झाली. सुमनबाईंना प्रार्थना करायला सांगितली. त्यांचं माहेर सटाण्याकडचं. वडील तिथल्या एका दवाखान्यात शिपाई, घरात सगळे अहिराणी बोलणारे. एरवी त्या चारचौघींसारखं मराठी बोलायच्या. पण प्रार्थनेत डोळे मिटले आणि मन भरून आलं की जीभ आपोआप माहेरी जायची. त्या दिवशीही तसंच झालं. देवा, तू आमना बाप शे, असं म्हणत त्या बराच वेळ बोलत राहिल्या.

सभा संपल्यावर चपला घालताना त्यांनी सिस्टरांचा आवाज ऐकला. "पाळकांच्या बायकोला चारचौघांत धड प्रार्थना करता येऊ नये म्हणजे काय? शेवटी आमेन कशाला म्हटलं तेच मला कळलं नाही."

घरी येऊन त्या लसूण सोलायला बसल्या आणि सोलता सोलता रडायला लागल्या. इतके दिवस निवडून सांगणाऱ्या बाईनं त्या दिवशी सगळं जसंच्या तसं नवऱ्याला सांगून टाकलं. साळवेसाहेब उठून आपल्या खोलीत गेले आणि पुस्तकं उघडून बसले.

रविवारी त्यांनी जुन्या करारातल्या गणना या पुस्तकातला मिर्यामचा अध्याय घेतला. मिर्याम मोशेची बहीण. मोशेनं परक्या देशातली बायको केली म्हणून ती आणि भाऊ अहरोन मोशेविरुद्ध बोलले. देवाला राग आला. साळवेसाहेबांचा आवाज चढत गेला. परक्या मुलखातून आलेल्या बायकोला नावं ठेवणाऱ्या जिभा, असं काहीतरी ते म्हणाले. सुमनबाईंना मान वर करवेना. मग मिर्यामला काय शिक्षा झाली ते त्यांनी वाचून दाखवलं. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तिथं सरळ शब्द आहे, कोड. मिर्याम कोडानं पांढरीफटक झाली.

कुणी मुद्दाम पाहिलं असं नाही, पण माना वळल्या. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी शास्त्र मिटलं. दोन्ही हात पदराखाली घेतले. मग उठून मधल्या वाटेनं, कुणाकडे न बघता, बाहेर गेल्या. साळवेसाहेब पुढं बोलतच राहिले. आपण काय केलं ते त्यांना बायकोचा चेहरा बघितल्यावर कळलं, आणि मग वाक्य अर्धवट राहिलं.

"माझ्या डोक्यातही नव्हतं गं ते," घरी आल्यावर ते म्हणाले. "तिच्या हातांचं मला आठवलंसुद्धा नाही. शपथ."

"माहीत आहे. तुमच्या डोक्यात मी होते," सुमनबाई म्हणाल्या. "मग तेच जाऊन सांगा त्यांना."

"सांगू काय? ती तुझ्याविरुद्ध बोलली, हे खोटं आहे का? मी शास्त्रातलं वाचलं, पदरचं नाही घातलं."

"अहरोनही बोलला होता ना मोशेविरुद्ध? त्याला काही झालं नाही. ते नाही सांगितलंत."

ते तरीही गेले नाहीत. सुमनबाई एकट्याच जाऊन आल्या. सिस्टरांची भाची मनाली, कॉलेजात शिकणारी, दारात आली. "आत्या झोपलीय," म्हणाली. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

पुढच्या रविवारी सिस्टरांची जागा मोकळी राहिली. त्यापुढच्याही. आणि एक नवलाची गोष्ट झाली. मागच्या दारानं येणं थांबलं. पंख्याबद्दल कुणी बोलेना, जीवनच्या पट्टीबद्दल बोलेना. उपासना संपली की माणसं हात जोडून, "येतो साहेब," म्हणून निघून जायची. पहिले काही दिवस सुमनबाईंना बरं वाटलं. मग दुपारी चहाचं आधण ठेवताना कप किती ठेवायचे ते कळेना, तेव्हा त्यांना भीती वाटायला लागली.

नोव्हेंबरात भात निघाला की घोटीला सुगीची उपासना व्हायची. तिकडची घरं नव्या तांदळाचं जेवण घालायची आणि नाशिकची मंडळी एसटीची खास गाडी करून जायची. गाडी सकाळी बंगल्यासमोर येऊन उभी राहिली. ड्रायव्हर कोंडाजी दरवर्षी तोच यायचा. माणसं चढली, डबे चढले, पेटी चढली. साळवेसाहेबांनी गाडीच्या दारात उभं राहून प्रार्थना केली.

"चला कोंडाजी."

"थांबा, थांबा," सुलाबाई आतून म्हणाल्या. सुलाबाई मंडळीतल्या सगळ्यांत वयस्क. "माझी गोळी घरी राहिली."

पोरगं पळत जाऊन गोळी घेऊन आलं. मग जीवन खाली उतरला. पेटीचा भाता नीट बांधलेला नाही म्हणाला आणि बांधलेली दोरी सोडून पुन्हा बांधत बसला. मग कुसाबाईंना आठवलं की लोणच्याची बरणी चर्चच्या व्हरांड्यात आहे. व्हरांड्यात बरणी नव्हती. ती त्यांच्याच मांडीवर होती.

"साहेब, निघायचं का?" कोंडाजी म्हणाला. "घाटाकडं ट्रका लय असत्यात. घोटीला जेवणं निवून जातील."

"निघायचं की," साळवेसाहेब म्हणाले. "आता कोण राहिलंय?"

गाडीतले सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा सुलाबाई हळूच म्हणाल्या, "मला घाटात मळमळतं, साहेब. दरवर्षी सिस्टर शेजारी असते. ती असली म्हणजे मी बसते."

"पण ही गाडी घाटात जातच नाही. घोटी अलीकडे आहे."

"तरीपण मळमळतं."

साळवेसाहेबांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं. मग ते पायरीवरून खाली उतरले आणि सुमनबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "त्या अध्यायात पुढं काय आहे, मी सांगितलंच नाही त्या दिवशी. माझं वाक्यच तुटलं." त्यांनी वळून गाडीकडे बघितलं. "मिर्यामला छावणीबाहेर ठेवलं होतं. ती परत आत येईपर्यंत लोक जागचे हलले नाहीत. सगळा तांडा तसाच थांबला. इतक्या वेळा वाचलंय मी, आणि आज कळतंय ते कसं दिसत असेल."

"चला," सुमनबाई म्हणाल्या.

सिस्टरांची चाळ जवळच होती. दोघं चालतच गेले. दार उघडंच होतं. सिस्टर इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून, खुर्चीत बसलेल्या होत्या. कुठं जायचं नसणाऱ्या बाईनं नेसावी तशी ती साडी नव्हती.

"गाडी गेली नाही अजून?" त्यांनी विचारलं.

"जात नाहीये," साळवेसाहेब म्हणाले. "सिस्टर, मी चुकलो. मला राग आला होता आणि रागात मी शास्त्र दगडासारखं हातात घेतलं. तुमच्या हातांचं माझ्या ध्यानात नव्हतं, पण तुमच्यावर ते मारायचंच होतं मला. क्षमा करा."

सिस्टरांनी दोन्ही हात पदराबाहेर काढून गुडघ्यांवर ठेवले.

"मला हे एकोणिसाव्या वर्षी आलं," त्या म्हणाल्या. "नर्सिंग शिकत होते. एक पेशंट माझ्या हातून पाणी पिईना. मग मला वॉर्डातून काढून औषधांच्या कोठीत बसवलं. साहेब, ही शिक्षा असेल तर मला सांगा, एकोणिसाव्या वर्षी मी कुणाविरुद्ध बोलले होते? तेव्हा मी कुणाशीच बोलत नव्हते. मान वर करत नव्हते मी. बोलायला लागले ते नंतर. आणि बोलायला लागले तेव्हा वॉर्डात परत घेतलं मला."

सिस्टरांनी बाजूच्या खाटेकडे बोट केलं.

"आता आलाच आहात तर बसा. माझ्या तक्रारी आहेत."

"सांगा."

"सुलाबाईचा मुलगा दवाखान्यात होता, तुम्ही गेला नाहीत. निरोप तुमच्यापर्यंत आला नसेल, पण विचारायला हवं होतं. संदेश लांबतो. कमिटीतले पुरुष तुमच्या पाठीमागं माझ्याहून जास्त बोलतात, पण तुम्हांला आमचाच आवाज ऐकू येतो. आणि मोशेचा कंटाळा आलाय सगळ्यांना. दुसरं काहीतरी घ्या."

"आणि माझ्या प्रार्थनेचं?" सुमनबाईंनी विचारलं.

"ते म्हटलं मी आणि पुन्हा म्हणेन. चारचौघांत करायची प्रार्थना चारचौघांना कळावी."

"मी अहिराणीतच करणार," सुमनबाई म्हणाल्या. आपण असं बोललो याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. "मला दुसऱ्या भाषेत रडता येत नाही."

सिस्टरांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग करा. पण सावकाश करा," त्या म्हणाल्या आणि चप्पल शोधायला लागल्या.

गाडीत त्या चढल्या तशा सुलाबाई सरकल्या, जागा झाली. कोंडाजीनं गिअर टाकला आणि जीवननं पेटीही न काढता गाणं सुरू केलं, नेहमीसारखंच फार वरच्या पट्टीत.

"उतरव खाली," सिस्टर म्हणाल्या, आणि सगळी गाडी हसली.

घोटीला पोचायला उशीरच झाला. भात निवून गेला होता आणि तिकडच्या बायका त्याबद्दल भरपूर बोलल्या. साळवेसाहेब उपासनेत उभे राहिले, झालं ते दोन वाक्यांत सांगितलं, सगळ्यांसमोर सिस्टरांची माफी मागितली आणि बसले. त्या दिवशी संदेश झालाच नाही. तेही बऱ्याच जणांना आवडलं.

त्यानंतर साळवेसाहेब उपासना संपली की चहाचा कप घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसू लागले. कुणीही यावं, बोलावं. पहिले काही महिने ऐकताना त्यांचे कान लाल व्हायचे. नंतर सवय झाली. पंखा दुरुस्त झाला. संदेश मात्र कधी आखूड झाला नाही. ती वर्षं कशी गेली ते सुमनबाईंना कळलं नाही. चांगली वर्षं चालू असताना ती चांगली आहेत, हे सांगायला कुणी मागच्या दारानं येत नाही.

नव्याण्णव साली बदली झाली. पुण्याकडं एक मोठी मंडळी मिळाली, गुळगुळीत फरशीची, उत्तम माइकची. राहायला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्याला एकच दार आणि त्या दाराला बघायचं भोक. तिथली माणसं फार सभ्य होती. "संदेश छान झाला, पास्टर," म्हणायची. एखाद्या कुटुंबाला काही खटकलं तर ते काही न बोलता दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागायचं, आणि ते गेल्याचं महिन्याभरानं कळायचं. सुमनबाई दुपारी एकट्या चहा प्यायच्या. एकदा बाजारात नाशिकचा लाल कांदा दिसला. त्यांनी तो हातात घेतला आणि रानातल्या त्या लोकांची, तंबूच्या दारात बसून मिसरच्या कांद्यांसाठी रडणाऱ्यांची त्यांना आठवण झाली. साळवेसाहेबांनी त्यांना केवढी नावं ठेवली होती. त्या बायांना काय कांदेच हवे असतील? त्या आळीतली शेजारीण हवी असेल, चुलीपाशी बसून बोलणं हवं असेल. देवाला ते कळायला हवं होतं, असं त्यांना वाटलं, आणि मग वाटलं, कळलंही असेल.

घरी येऊन त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. ते ऐकत राहिले. "मलाही आठवतं ते सगळं," एवढंच म्हणाले.

दोन हजार सहात साळवेसाहेब रिटायर झाले आणि दोघं नाशिकला येऊन राहिले, नाशिकरोडला एका लहानशा घरात. शहर ओळखू येत नव्हतं. मळे होते तिथं इमारती उभ्या होत्या. सुलाबाई गेल्या होत्या. मंडळीला नवे, तरुण पाळक होते, संघर्ष नावाचे. उपासनेत ड्रम वाजायचे.

सिस्टर अंथरुणाला खिळल्या होत्या. मनाली आता शिक्षिका झाली होती, तिच्याकडेच त्या राहायच्या. "बोलतच नाही हो आत्या," दार उघडता उघडता ती म्हणाली. "जेवण कसं झालंय विचारलं तरी बरंय म्हणते. माझ्या हातच्या आमटीला बरंय म्हणते, म्हणजे काय समजायचं मी?"

सिस्टर उशीला टेकून पडल्या होत्या. अंगभर वाळल्या होत्या. डाग आता सगळीकडे पसरून हातांचा रंग एकसारखा झाला होता. त्यांनी दोघांना ओळखलं, किंचित हसल्या, आणि भिंतीकडे बघायला लागल्या. सुमनबाईंनी हात हातात घेतला. हवापाण्याचं बोलून झालं. सिस्टर सगळ्याला मान हलवत होत्या.

साळवेसाहेब खुर्चीत अस्वस्थ होत होते. शेवटी ते म्हणाले, "सिस्टर, हे नवे पाळक काही मला पटत नाहीत. ते ड्रम! उपासना आहे की वरात? आणि मी येऊन तीन आठवडे झाले, अजून घरी आले नाहीत. आमच्या वेळी—"

सिस्टरांनी मान वळवली.

"तुमच्या वेळी काय?" आवाज बारीक होता, पण तोच होता. "पहिल्या वर्षी तुम्ही तरी कुठं आला होतात घरोघर? पोरगा दर मंगळवारी येऊन बसतो माझ्यापाशी. संदेश वीस मिनिटांत आटपतो. त्याच्याविरुद्ध काही बोलायचं नाही इथं."

"मी फक्त—"

"ड्रमचं मी त्याला सांगितलंय. कमी करतो म्हणाला. तुम्ही त्यात पडू नका." त्यांनी दम घेतला आणि दाराकडे बघितलं. "मनाली, यांना चहा दे. आणि साखर बघून घाल, काल काढाच केला होतास नुसता."

मनाली दारातच उभी राहिली, डोळे पुसले आणि आत गेली. साळवेसाहेबांचा चेहरा या वेळी उतरलेला नव्हता. सुमनबाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. सिस्टरांना अजून बरंच काही सांगायचं होतं.